फ्लोरो-जेड सी: मेंदूतले मरणारे न्यूरॉन हिरवे कसे दिसतात आणि कधी दिसत नाहीत

फ्लोरो-जेड म्हणजे मरणारे न्यूरॉन (चेतापेशी) हिरवे चमकवणारा रंग. त्याचा प्रोटोकॉल छापून घेतला तर एका पानात मावतो. अल्कली, परमँगनेट, रंग, झायलीन, झालं. जेमतेम तास-दीड तासाचं काम. म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्यांच्या हाती आधी हेच स्टेनिंग दिलं जातं. मग मायक्रोस्कोपखाली अख्खं सेक्शन (मेंदूचा पातळ काप) एकसारखं हिरवट दिसतं आणि सगळे रंगाच्या बाटलीकडे संशयाने बघायला लागतात. रंग क्वचितच खराब असतो. गडबड बहुतेक वेळा त्या एका पानाच्या आधीच होऊन गेलेली असते: परफ्यूजनमध्ये (हृदयातून द्रावण सोडून मेंदू टिकवताना), स्लाइड वाळवताना, नाहीतर कंट्रोल ठेवायचाच राहून गेल्यामुळे. त्यामुळे या लेखात त्या आधीच्या कामांवर जास्त वेळ जाणार आहे.

उदाहरण म्हणून रॅटचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) आणि न्यूरॉन मारणाऱ्या काइनिक अॅसिडने झालेली इजा धरली आहे. तुमचं मॉडेल स्ट्रोकचं, डोक्याला मार लागल्याचं किंवा एखाद्या विषाचं असलं तरी पायऱ्या याच राहतात.

हा रंग नेमकं काय सांगतो

फ्लोरो-जेड हे फ्लुओरेसीनच्या कुळातले, ऋणभारित रंग आहेत. अमेरिकेत आर्कान्सामधल्या जेफरसन इथे एफडीएचं नॅशनल सेंटर फॉर टॉक्सिकॉलॉजिकल रिसर्च आहे. तिथे लॅरी श्मूड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पहिला फ्लोरो-जेड मांडला, २००० मध्ये बी आणि २००५ मध्ये सी. त्याआधी मरणारे न्यूरॉन शोधायचे तर चांदीच्या क्षारांचं स्टेनिंग करावं लागे. ते उत्तम, पण किचकट आणि लहरी. नव्याने सुरुवात करत असाल तर सरळ सी घ्या. त्याची पार्श्वभूमी सर्वांत स्वच्छ येते आणि पेशीच्या बारीक फांद्याही दिसतात.

इथे एक गोष्ट पक्की डोक्यात असू द्या. हा रंग न्यूरॉन मरतोय एवढंच सांगतो, तो कोणत्या वाटेने मरतोय ते सांगत नाही. अपोप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं) आणि नेक्रोसिस (इजेने फुटून मरणं) दोन्हींत तो पेशीला धरतो. रंग पेशीतल्या कोणत्या रेणूला चिकटतो हेही अजून ठरलेलं नाही. त्यामुळे फ्लोरो-जेडचा फोटो दाखवून ‘अपोप्टोसिस वाढला’ असं लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. त्या दाव्यासाठी सक्रिय कॅस्पेस-३चं (अपोप्टोसिस घडवणाऱ्या एन्झाइमचं) स्टेनिंग हवं. ट्यूनेल हे दुसरं स्टेनिंग डीएनएचे तुकडे दाखवतं, पण तेही नेक्रोसिसमध्ये कधीकधी पॉझिटिव्ह येतं, म्हणून एकट्या ट्यूनेलवरही विसंबू नका.

आधी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं:
- संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची म्हणजे आयएईसीची मंजुरी. अर्ज ‘फॉर्म बी’वर करायचा असतो आणि त्यात प्राण्यांची संख्या, इजा देण्याची पद्धत आणि शेवटी प्राण्याला कसं मारणार हे सगळं लिहावं लागतं. देशपातळीवर हे काम सीसीएसईए बघते. जुन्या कागदांवर तिचं नाव सीपीसीएसईए दिसेल.
- पॅराफॉर्मल्डिहाइड, झायलीन आणि काइनिक अॅसिड यांचे सुरक्षा तक्ते, छापून भिंतीवर लावलेले.
- कोणत्या स्लाइडवर कोणत्या प्राण्याचं कितवं सेक्शन आहे याची वही. कॉम्प्युटरवरची फाइल पुरत नाही, कारण हात ओले असतात.

रसायनं आणि सामान:
- फ्लोरो-जेड सी, सोडियम हायड्रॉक्साइड, अॅब्सोल्यूट इथेनॉल, पोटॅशियम परमँगनेट, ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, झायलीन, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारं माध्यम)
- पॅराफॉर्मल्डिहाइड, फॉस्फेट बफर, सुक्रोज
- जिलेटिन लावलेल्या स्लाइड, कव्हरस्लिप, कोप्लिन जार (स्लाइड बुडवायचं भांडं), मऊ ब्रश
- स्लाइड वॉर्मर, शेकर, क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे काप काढणारं यंत्र), फ्यूम हूड
- एफआयटीसीचा (हिरव्या चमकेचा) फिल्टर असलेला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप

रंग परदेशातून मागवावा लागतो. खरेदी विभागाची फाइल, कोटेशनं, कस्टम्स या सगळ्यात बराच काळ जातो. प्राणी यायच्या आधी बाटली फ्रीजमध्ये आलेली असू द्या.

१. वेळ ठरवा: प्राणी कधी घ्यायचा

इजा झाली आणि न्यूरॉन लगेच चमकायला लागले असं होत नाही. काइनिक अॅसिडनंतर साधारण २४ ते ७२ तासांत हिप्पोकॅम्पसच्या सीए३ आणि हायलस या भागांत ठळक हिरव्या पेशी दिसतात. पुढे मेलेल्या पेशींचा मलबा साफ होत जातो आणि सिग्नल ओसरतो. महिन्याभराने बघितलं तर मेलेला न्यूरॉन तिथे नसतोच, मग हिरवा काय होणार? तेव्हा न्यू-एन किंवा निसल (न्यूरॉन दाखवणारं) स्टेनिंग करून किती पेशी उरल्या ते मोजावं लागतं.

मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं तोडण्याच्या मॉडेलमध्ये याच्या उलट फसगत होते. हिप्पोकॅम्पसच्याच सीए१ भागातले न्यूरॉन सावकाश, दोन-चार दिवसांनी मरतात. किरिनो यांनी १९८२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर दाखवलेला हा उशिराचा मृत्यू आता पाठ्यपुस्तकात आहे. तिथे २४ तासांवर प्राणी घेतला तर सीए१ स्वच्छ दिसेल आणि तुमचं औषध फारच गुणकारी आहे असा गोड गैरसमज होईल.

२. परफ्यूजन: सगळा निकाल इथे ठरतो

प्राण्याला पूर्ण भूल द्या. छाती उघडून डाव्या वेंट्रिकलमधून सुई महाधमनीत न्या, उजवं एट्रियम कापा आणि आधी थंड सलाइन सोडा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबा, मगच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे ऊती टिकवणारं फिक्सेटिव्ह, चालू करा. अडीचशे ग्रॅमच्या रॅटला साधारण २५० ते ४०० मिलि फिक्सेटिव्ह लागतं.

नीट चाललंय हे कळायच्या खुणा: यकृत काही मिनिटांत लालचं फिकट बदामी होतं, फिक्सेटिव्ह पोहोचताच शेपटी आणि पाय थरथरतात आणि शेवटी मान ताठ होते. नाकातून पाणी यायला लागलं तर सुई पडदा फोडून उजव्या बाजूला गेली आहे. फिक्सेटिव्ह फुप्फुसात चाललंय, मेंदूत नाही. सुई थोडी मागे घ्या.

यावर एवढा भर का? मेंदूत रक्त राहिलं तर लाल रक्तपेशी हिरव्या फिल्टरमध्ये आपोआप चमकतात. केशिकांत अडकलेल्या अशा पेशींची रांग नवख्याला थेट मरणाऱ्या न्यूरॉनसारखी दिसते. शिवाय अर्धवट फिक्स झालेली ऊती परमँगनेटमध्ये फाटते.

मेंदू काढताना घाई नको. फिक्स न झालेल्या मेंदूवर चिमट्याचा दाब पडला तर तिथले न्यूरॉन आकसतात आणि इजा झाल्यासारखे दिसतात. चांगला फिक्स झालेला मेंदू पनीरसारखा घट्ट लागतो. तो मऊ आणि गुलाबी असेल तर वहीत तसं लिहा आणि त्या प्राण्याच्या निकालाकडे पुढे संशयानेच बघा.

मेंदू त्याच फिक्सेटिव्हमध्ये रात्रभर ४ अंशाला, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये. मेंदू तळाशी बुडेपर्यंत थांबायचं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. तरंगत असताना गोठवलात तर बर्फाचे स्फटिक होऊन सेक्शनला जाळी पडते.

मेलेल्या प्राण्याचं शरीर पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्यात. वापरलेलं पॅराफॉर्मल्डिहाइड वेगळ्या कॅनमध्ये. सिंकमध्ये कधीच नाही.

३. सेक्शन कापणं आणि स्लाइडवर घेणं

क्रायोस्टॅटवर २५ ते ३० मायक्रॉनची सेक्शन कापा. दर सहावं सेक्शन एका मालिकेत, म्हणजे एकाच मेंदूतून सहा सारख्या मालिका मिळतात. एक फ्लोरो-जेडला, एक निसलला, बाकीच्या पुढच्या प्रश्नांसाठी. परीक्षक आणखी एक स्टेनिंग मागणार हे गृहीत धरूनच चला.

स्लाइड जिलेटिनच्याच घ्या. अल्कलीच्या अल्कोहोलमध्ये साध्या स्लाइडवरची सेक्शन अलगद सुटून तरंगायला लागतात. जिलेटिन घरी, म्हणजे लॅबमध्येच, लावता येतं: कोमट पाण्यात १ टक्का जिलेटिन, त्यात स्लाइड बुडवायच्या आणि धूळ लागणार नाही अशा जागी वाळवायच्या. पावसाळ्यात या स्लाइडवर बुरशी धरते. एकदम शेकड्याने बनवून ठेवू नका. डब्यात सिलिका जेल टाका.

सेक्शन ब्रशने स्लाइडवर घेताना ती डिस्टिल्ड वॉटरमधून घ्या, बफर सलाइनमधून नको. मीठ वाळलं की त्याचे स्फटिक रंगानंतर सगळीकडे ठिपक्यांसारखे चमकतात.

४. वाळवणं

प्रोटोकॉलमध्ये याला अर्धं वाक्य मिळतं: ५० अंशाच्या वॉर्मरवर अर्धा तास. मार्चमध्ये पुण्यात ते खरं आहे. जुलैत मुंबईत किंवा कोकणात नाही. दमट हवेत स्लाइड वरून कोरडी दिसते आणि सेक्शनच्या खाली ओल राहते. सरळ रात्रभर वाळू द्या, सकाळी पुन्हा अर्धा तास वॉर्मरवर ठेवा आणि मग कामाला लागा. या एका रात्रीने सेक्शन सुटण्याची तक्रार जवळपास संपते. वॉर्मरचं तापमान त्याच्या काट्यावर नको, थर्मामीटर ठेवून बघा.

५. द्रावणं तयार करा

- अल्कली-अल्कोहोल: ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलि आणि अॅब्सोल्यूट इथेनॉल ८० मिलि. म्हणजे ८० टक्के इथेनॉलमध्ये १ टक्का हायड्रॉक्साइड.
- परमँगनेट: १०० मिलि पाण्यात ६० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०६ टक्के. त्याच दिवशी ताजं.
- अॅसेटिक अॅसिड: १०० मिलि पाण्यात ०.१ मिलि.
- रंगाचा स्टॉक: १० मिलिग्रॅम रंग १०० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे ०.०१ टक्के. फ्रीजमध्ये, फॉइल गुंडाळून. यावर तारीख घाला.
- रंगाचं वर्किंग सोल्यूशन: स्टॉक १ मिलि आणि ०.१ टक्के अॅसेटिक अॅसिड ९९ मिलि. हे वापरण्याआधी अगदी ऐनवेळी बनवा आणि दोन तासांत संपवा.

दशांश चिन्हाकडे लक्ष असू द्या. शेवटचा आकडा ०.०००१ टक्के आहे. एवढा पातळ रंग बघून बाटलीत काहीच नाही असं वाटतं आणि हात आपोआप जास्त ओततो. फ्लोरो-जेड बीला चौपट, ०.०००४ टक्के लागतो आणि वेळही जास्त. बीचा प्रोटोकॉल सीवर चालवला तर पार्श्वभूमी हिरवी होणारच.

६. रंगवण्याचा क्रम

हा भाग भराभर सांगतो, कारण इथे फक्त घड्याळ पाळायचं आहे.

अल्कली-अल्कोहोल ५ मिनिटं. ७० टक्के इथेनॉल २ मिनिटं. डिस्टिल्ड वॉटर २ मिनिटं. परमँगनेट १० मिनिटं, शेकरवर हळू. पाणी २ मिनिटं. रंग १० मिनिटं, अंधारात. पाणी तीनदा, दरवेळी १ मिनिट. वॉर्मरवर ५० अंशाला पूर्ण कोरडं होईपर्यंत, निदान ५ मिनिटं. झायलीन निदान १ मिनिट. डीपीएक्स आणि कव्हरस्लिप.

यातल्या दोन पायऱ्यांवर मात्र थांबायला हवं.

परमँगनेट म्हणजे पूर्वी साथीच्या दिवसांत विहिरीत टाकायचे तेच जांभळं औषध. इथे त्याचं काम पार्श्वभूमीची चमक दाबण्याचं आहे. वेळ कमी पडली तर सगळं सेक्शन हिरवट राहतं. जास्त झाली तर खरा सिग्नलही विझतो. सेक्शन तपकिरी दिसायला लागलं तर घाबरू नका, ते तसंच दिसतं. पण एका प्राण्याची स्लाइड १० मिनिटं आणि दुसऱ्याची फोन आला म्हणून १४ मिनिटं, असं झालं तर त्या दोघांची तुलना करता येणार नाही. एका प्रयोगातले सगळे गट एकाच जारमध्ये, एकाच वेळी बुडवा. कंट्रोल आज आणि औषध दिलेला गट उद्या, असं करू नका.

दुसरी पायरी शेवटच्या वाळवण्याची. इतर स्टेनिंगची सवय असलेला हात इथे ७०, ९०, १०० टक्के अल्कोहोलकडे वळतो. फ्लोरो-जेड अल्कोहोलमध्ये धुऊन निघतो. म्हणूनच इथे उष्णतेने वाळवून थेट झायलीनमध्ये जायचं. ओल राहिली असेल तर झायलीनमध्ये पांढरट धूर धरतो आणि डीपीएक्सखाली बारीक थेंब दिसतात. तसंच पाण्यावर आधारलेलं माउंटिंग माध्यम वापरू नका, त्यात रंग पसरतो.

पेशींची केंद्रकंही हवी असतील तर डॅपी हा निळा रंग फ्लोरो-जेडच्याच द्रावणात ०.०००१ टक्के घालता येतं. इम्युनोफ्लुओरेसन्सशी (अँटिबॉडीने केलेल्या चमकत्या स्टेनिंगशी) जोडायचं असेल तर ते आधी उरका, दुसरा रंग लाल घ्या आणि परमँगनेट त्याला किती सोसतं ते चाचणी करून बघा. पण एकट्या फ्लोरो-जेडवर हात बसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

७. कंट्रोल: याशिवाय मायक्रोस्कोप चालूही करू नका

प्रत्येक बॅचमध्ये दोन स्लाइड हव्यातच. एक, काइनिक अॅसिड दिलेल्या रॅटची, जिच्यात हिरव्या पेशी आहेत हे आधीच माहीत आहे. दुसरी, काहीही न केलेल्या निरोगी रॅटची. पहिली चमकली नाही तर रंगवणं फसलं आहे. दुसरी चमकली तर पार्श्वभूमी दाबली गेली नाही. दोन्ही बरोबर आल्या तरच मधल्या स्लाइडवर बोलता येतं. काइनिक अॅसिडच्या एका मेंदूतून भरपूर सेक्शन निघतात, ती लॅबमध्ये सगळ्यांनी वाटून वापरावीत. त्यामुळे प्रत्येकाला वेगळा प्राणी लागत नाही, आणि आयएईसीलाही हे आवडतं.

८. मायक्रोस्कोपखाली: खरं हिरवं आणि खोटं हिरवं

उत्तेजन साधारण ४८५ नॅनोमीटर, उत्सर्जन ५२५. एफआयटीसीचा नेहमीचा फिल्टर चालतो.

खरा मरणारा न्यूरॉन गडद पार्श्वभूमीवर झळझळीत हिरवा दिसतो, आकसलेला, त्याचा त्रिकोणी आकार आणि निघालेली फांदी ओळखू येते. सीए३मध्ये अशा पेशी ओळीने लागलेल्या दिसतील. शेजारचे निरोगी न्यूरॉन काळेच राहतात.

खोटे हिरवे असे:
- रक्तपेशी: गोल, सारख्या आकाराच्या, नळीच्या आत रांगेने. लाल फिल्टर लावून बघा, तिथेही चमकल्या तर रक्त किंवा इतर स्वयंप्रकाश.
- म्हाताऱ्या प्राण्यांतलं लिपोफ्युसिन (वयाने साठणारं रंगद्रव्य): पेशीच्या आत दाणेदार, पिवळसर, आणि तेही लाल फिल्टरमध्ये दिसतं.
- मेंदूची आवरणं आणि सेक्शनची कड: नेहमीच चमकते, मोजू नका.
- सक्रिय झालेल्या ग्लिआ (न्यूरॉनना आधार देणाऱ्या) पेशी: इजेनंतर काही दिवसांनी अॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिआही हा रंग घेऊ शकतात. ताऱ्यासारखा आकार, बारीक फांद्या, आणि न्यूरॉन नसायला हवेत अशा जागी दिसल्या तर सावध व्हा. शंका असेल तर शेजारच्या मालिकेवर जीएफएपी (अॅस्ट्रोसाइटसाठी) आणि आयबीए-१ (मायक्रोग्लिआसाठी) स्टेनिंग करून घ्या.

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एकदाच ठरवा. निरोगी कंट्रोल काळा दिसेल आणि काइनिक अॅसिडची स्लाइड जळणार नाही अशा मध्यावर, आणि मग सगळ्या स्लाइडला तेच ठेवा. ऑटो एक्स्पोजर बंद. ते चालू असलं की रिकाम्या सेक्शनमध्येही कॅमेरा ओढूनताणून काहीतरी हिरवं दाखवतोच.

९. मोजणी आणि नोंद

स्लाइडवरचे गट दुसऱ्या कोणाला तरी चिकटपट्टीने झाकून त्यावर आकडे घालायला सांगा. काय दिसायला हवं हे माहीत असलेल्या डोळ्याला ते दिसतं. प्रत्येक प्राण्याची तीच पातळी, तेवढीच सेक्शन. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजलंत तर थ्रेशोल्ड (किती चमकेला पेशी मानायचं ती मर्यादा) किती ठेवला ते लिहा. एकूण संख्येचा दावा करायचा असेल तर स्टिरिओलॉजी (नमुन्यांवरून एकूण संख्या काढायची पद्धत) लागते. ती झेपणार नसेल तर ‘प्रति चौरस मिलिमीटर पेशी’ एवढंच लिहा. आणि आकडेवारी करताना एक प्राणी म्हणजे एक नमुना. एका रॅटची बारा सेक्शन म्हणजे बारा नमुने नव्हेत.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात रंगाचा प्रकार, बॅच क्रमांक, परमँगनेटची टक्केवारी आणि मिनिटं, इजेनंतरचे तास आणि एक्स्पोजर एवढं यायलाच हवं. ‘फ्लोरो-जेडने रंगवलं’ एवढ्यावर कोणालाही तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

फोटो त्याच आठवड्यात काढून घ्या. डीपीएक्समधल्या स्लाइड काळ्या डब्यात बऱ्याच टिकतात, पण एकाच जागी बराच वेळ दिवा पाडून ठेवला तर तेवढा भाग विझतो. मायक्रोस्कोपवर जागा शोधताना कमी भिंगाने फिरा आणि फोटो काढून झाला की शटर बंद करा.